ताई आमच्यासमोर जेवत होती

आधीच सांगून टाकतो... मी वसमतला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. भानामती, अंगात येणं, लिंबातून रक्त काढणं — या सगळ्यामागची युक्ती वर्गात पोरांना करून दाखवणारा माणूस आहे मी. या सदरातले अनुभव आवडीनं वाचतो, पण वाचताना डोकं चालूच असतं — इथं झोप झालेली नाही, इथं वायरिंग खराब आहे, इथं सांगणाऱ्यानं पदरचं घातलंय. तेव्हा माझं वाचून कुणाला तसंच वाटलं तर मला राग येणार नाही. तुमच्या जागी मीही तेच म्हणालो असतो.

अनुभव माझ्या थोरल्या बहिणीचा. मंगलताईचा. पण तिला स्वतःला त्यातलं फारसं आठवत नाही, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

ताई जॉर्जियात राहते. काळ्या समुद्राच्या काठी बाटुमी नावाचं शहर आहे, तिथं. आखाडा बाळापूरपासून थोडं आत आमचं गाव, आणि गावात ताईचा पत्ता सगळे 'रशियाकडं' असाच सांगतात. आम्हीही दुरुस्त करायचं सोडून दिलंय. आपल्याकडची बरीच मुलं तिकडे डॉक्टरकीला जातात. त्यांच्यासाठी भाऊजींनी तिथं मेस काढली आणि ताई पोळ्या लाटायला म्हणून गेली. दहावी झालेली बाई, हिंदीसुद्धा धड बोलायची नाही. वर्षभरात तिनं भाजी बाजारातल्या बायकांकडून तिथली भाषा उचलली. उचलली म्हणजे काय, त्या भाषेत ती प्लंबरशी भांडायला लागली. मी व्हिडिओ कॉलवर एकदा ते भांडण ऐकलंय. शब्द एक कळला नाही, पण सूर थेट आमच्या आईचा होता.

मेसमधल्या पोरांचे आईवडील परभणी-लातूरहून भेटायला यायचे आणि हॉटेलात त्यांचे हाल व्हायचे. ना चहा मनासारखा, ना कुणाशी बोलता येत. ताईनं एक फ्लॅट भाड्यानं घेतला आणि अशा लोकांना राहायला द्यायला सुरुवात केली. मग उन्हाळ्यात समुद्रावर येणारे पर्यटक विचारायला लागले. एकाचे दोन झाले, दोनाचे चार... आज सहा फ्लॅट आहेत. सुट्टीसाठी लोक येतात, चार-आठ दिवस राहतात, जातात. वेबसाइटवर फ्लॅटच्या फोटोंबरोबर ताईचाही फोटो आहे — कपाळाला टिकली, चेहऱ्यावर पासपोर्टला काढतात तसा भाव. तिच्याबद्दल एका पाहुण्यानं लिहिलं होतं, 'मालकीण रागावते, पण सूप फार छान करते.' ताईला ते इतकं आवडलं की सगळ्या नातेवाइकांना तिनं ते पाठवलं.

तिथले बाकीचे मालक दाराला नंबरचं कुलूप लावतात. पाहुण्याला नंबर पाठवला की काम झालं, मालक कोण हे पाहुण्याला शेवटपर्यंत कळत नाही. ताईला हे पटतच नाही. 'माणूस एवढ्या लांबून येऊन राहिला, आन् दारात कोणीच न्हाई? काय सोयरीक झाली का ही,' असं तिचं म्हणणं. विमान कितीही उशिरा येऊ दे, ती स्वतः दारात उभी. आधी हातावर गूळ ठेवणार, पाणी देणार, आणि मग सगळ्या घरातून फिरवून आणणार. बाथरूममध्ये पाणी तापवायला गॅसचा गिझर असतो. तो पाहुण्याला स्वतःच्या हातानं पेटवायला लावणार. वर भिंतीत हवेची जाळी आहे, तिच्याकडे बोट दाखवून बजावणार — थंडी वाजली तरी ही बंद करायची नाही. पोलिश असो, अरब असो, सगळ्यांना हाच धडा.

मला माझ्या बहिणीचं कौतुक आहे आणि ते मी लपवत नाही. तिच्या पाहुण्यांच्या मेसेजना इकडून वसमतहून मीच उत्तरं देतो, तिला इंग्रजी लिहायचा कंटाळा येतो म्हणून. त्यामुळे ती काय करते हे मला घरातल्या इतरांपेक्षा जास्त माहीत होतं.

भाऊजी गेले त्याला दोन वर्षं होत आली होती. मूलबाळ नाही. तेव्हापासून घरात एकच विषय — मंगलनं आता परत यावं. आईनं तर धोसराच लावला होता. तिकडच्या एका बाईनं ताईचे सगळे फ्लॅट चालवायला मागितले होते, आणि ताई खरंच विचारात पडली होती. थंडीत तिकडे पर्यटक कमी असतात, म्हणून ती गावी आली. आमच्याकडे तेव्हा हळद शिजवायचे दिवस चालू होते.

आल्यावर मला एकट्याला म्हणाली, "उमेश, एकटीला जड जाऊन राहिलं रे आता. आजारी पडलं तर तोंडात पाणी घालायला कोणी न्हाई."

"मग ये ना निघून," मी म्हणालो.

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "इथं आले की मी इधवा बहीण. कोणाच्या तरी घरातली. तिकडं मी मंगल हाय. ते सोडून आले, तर माघारी काय उरन माझं?"

 तिची अडचण मला नीट कळली. आणि ती परत येण्याच्या बाजूला झुकलीय, हेही कळलं.

तो रविवार होता. मी वसमतहून सकाळीच शेतावर गेलो होतो. थोरला भाऊ दत्तादादा बॉयलरपाशी, वाफेचे लोट, सगळ्या शिवारात उकडलेल्या हळदीचा वास. ताई सकाळपासून खळ्यावर अनवाणी. शिजलेली गरम हळद पसरायची, उलटीपालटी करायची, आणि त्यातून चालायचं. वहिनी म्हणत होती, वन्सं, तुमी बसा. ताई कुठली बसते. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते आणि पाय घोट्याच्या वरपर्यंत.

मधेच मला विचारलं, "पोलंडची बाई आली का रे? लेकरू हाय तिच्यासंगं."

आग्नेश्का नावाची बाई तिच्या लहान मुलीला घेऊन त्या दिवशी सकाळी जुन्या बाटुमीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पोचणार होती. ताईच्या माघारी फ्लॅटची साफसफाई बघणाऱ्या नातेलाबाई तिला किल्ली देणार होत्या. मी गावातून निघतानाच पोचल्याचा मेसेज पाहिला होता. तसं सांगितलं.

"जाळीचं सांगितलं असंल ना नातेलानं?" ताई म्हणाली.

"सांगितलं असेल की. तू आता जेव."

लिंबाच्या झाडाखाली पंगत बसली. आई, दादा, मी, ताई... वहिनी वाढत होती. भाकरी, पिठलं, ठेचा. आणि आईनं जेवता जेवता तोच विषय काढला. यावेळी मात्र तिनं ठरवूनच काढला होता.

"मंगल, आज मला शब्द दे. या उन्हाळ्यात सगळं आवरून ये. तिकडं तुहं कोण हाय आता?"

दादा म्हणाला, "बाळापुरात मेस टाक. जागा मी बघून देतो. काहून परक्या मुलखात लोकांच्या चादरी बदलून राहिलीस?"

एरवी चादरीचं नाव काढलं की ताई खवळायची. त्या दिवशी खवळली नाही. हातातला घास ताटात ठेवला, आईकडे बघितलं. ती हो म्हणणार हे मला दिसत होतं, आणि खरं सांगतो, मला वाईट वाटत होतं.

"आई, मी..." ती म्हणाली, आणि थांबली.

थांबली म्हणजे अशी की पुढचं काही आलंच नाही. डोळे उघडे, मान सरळ, नजर ताटाच्या पलीकडे जमिनीवर. आधी आम्हाला वाटलं, रडू आवरतेय. आई म्हणाली, "बोल की माय." काही नाही. वहिनीनं खांद्याला हात लावला. तरी काही नाही. मी तिचा हात धरला तेव्हा घाबरलो. भर दुपारची वेळ, जवळ बॉयलरची धग, आणि तिचा हात फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा गार. नाडी लागत होती, पण श्वास फार संथ होता. मला वाटलं, अर्धांगवायूचा झटका. दादाला म्हणालो, गाडी काढ, नांदेडला न्यायचं.

दादा गाडीकडे धावला. तेवढ्यात ताईचे ओठ हलले. तिकडच्या भाषेत दोन-तीन शब्द बोलली, तेही रागावून. मग एकदम मराठीत — "टॉवेल काढा तो." आईनं घाबरून जवळचा पंचा उचलून बाजूला केला. ताईचं तिकडे लक्षच नव्हतं.

दादा गाडी घेऊन आला तेव्हा ती भानावर आली होती. पाणी मागितलं. तांब्या सगळा प्यायली, वर आणखी मागितलं. आणि मला म्हणाली, "उमेश, तिसऱ्या मजल्याच्या घरी फोन लाव. लगेच."

"काहून? काय झालं?"

"मला न्हाई माहीत. लाव तू."

आमच्या शेतात रेंज नसते. मोटरसायकल काढून मी रस्त्यावर आलो. आग्नेश्काला फोन लावला — उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा लावला. नातेलाबाईंना लावला. त्या किल्ली देऊन आपल्या गावी जाणारी बस पकडून निघाल्याही होत्या. मोडक्या इंग्रजीत मी विचारलं, हवेच्या जाळीचं सांगितलं का?  त्या म्हणाल्या, बस सुटत होती हो... राहिलं.

 मी रसायनशास्त्र शिकवतो. बंद खोलीत गॅस जळला की काय तयार होतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणसाला नुसतं थकल्यासारखं वाटतं, तो आडवा होतो, आणि उठत नाही. रस्त्याच्या कडेला उभा राहून मी त्या अनोळखी बाईला फोन करत राहिलो. तिकडच्या बाकी कुणाचा नंबर माझ्याकडे नव्हता. तो घ्यायला शेताकडे गाडी वळवणार, तेवढ्यात मेसेज आला. आग्नेश्काचाच, अँब्युलन्समधून केलेला.

तो मेसेज आणि नंतर तिनं सविस्तर लिहिलं ते, दोन्ही जोडून सांगतो.

बाथरूममध्ये वरून गार वारा येत होता, म्हणून तिनं जाळीत टॉवेल कोंबला. गिझर लावून मुलीला टबात बसवलं. तिला स्वतःला गरगरायला लागलं, प्रवासाचा शीण असेल म्हणून ती पलंगावर टेकली. मुलीला हाक मारावी असं वाटत होतं, पण तोंड उघडेना. आणि मग घरात मालकीण आली. फोटोतली, टिकलीवाली. काहीतरी रागावून बोलत थेट बाथरूममध्ये गेली, गिझर बंद केला, टॉवेल ओढून काढला, मुलीला उचलून बाहेर जिन्यात नेऊन बसवलं. परत आली, खिडक्या उघडल्या, आणि आग्नेश्काला दंडाला धरून अक्षरशः ओढत बाहेर काढलं. भाजी घेऊन जिना चढणाऱ्या शेजाऱ्यानं मायलेकींना तिथं पाहिलं आणि अँब्युलन्स बोलावली. दोघी ठीक होत्या. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ आत राहिला असता तर कठीण होतं.

मेसेजच्या शेवटी तिनं लिहिलं होतं ते मी जसंच्या तसं सांगतो — तुमच्या बहिणीला माझे आभार सांगा. त्या नंतर दिसल्या नाहीत. एवढ्या थंडीत त्या अनवाणी होत्या. आणि त्यांचे पाय पूर्ण पिवळे होते, हातसुद्धा. त्यांना काविळीसारखा काही आजार आहे का? कृपया डॉक्टरांना दाखवा.

हे वाचून मी मोटरसायकलच्या सीटवर बसून राहिलो. शेताकडून हळदीचा वास येत होता. शेजारून ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला, चालवणारा ओळखीचा होता, त्यानं हात केला. मी त्याला हात केला की नाही, आठवत नाही.

आता माझ्यातला मास्तर काय म्हणतो ते सांगतो, कारण मी त्याच्याशी पुष्कळ वाद घातलाय. या वायूनं माणसाला भास होतात — हे खरं. आग्नेश्कानं ताईचा फोटो पाहिलेला होता — हेही खरं. म्हणजे जीव वाचवायच्या धडपडीत तिनं स्वतःच सगळं केलं, आणि गुंगलेल्या मेंदूनं त्याचं श्रेय फोटोतल्या बाईला दिलं. मला हे पटवून घ्यायला आवडेल. पण ती म्हणते, मला हातसुद्धा उचलता येत नव्हता. लहानगीला वेगळं विचारलं तर तीही 'पिवळ्या हाताची बाई' म्हणाली. शेजारी म्हणतो, मी आलो तेव्हा जिन्यात या दोघीच होत्या. फोटोत ताईचा फक्त चेहरा आहे. आणि ताई हळदीत उभी आहे, हे बाटुमीत कुणालाही माहीत असायचं कारण नव्हतं. इथं मास्तर गप्प बसतो.

ताईला विचारलं, तुला काय आठवतं? ती म्हणाली, "काहीच न्हाई रे. एवढंच की आईला शब्द देऊन राहिले होते, आन् पायाला एकदम फरशी लागली. लई गार." बस. यापलीकडे तिला खोदून विचारलं तर ती चिडते. आणि गंमत म्हणजे तिला या सगळ्याचं आश्चर्यही फार वाटलं नाही. तिला राग आला तो टॉवेलचा. त्याच संध्याकाळी तिनं माझ्याकडून सगळ्या फ्लॅटसाठी गॅसची सूचना देणारी यंत्रं मागवून घेतली आणि नातेलाबाईंना फोनवर असं झापलं की आमचं कुत्रं उठून बाहेर गेलं.

लोक विचारतात, म्हणजे नक्की काय झालं असेल? मला माहीत नाही. ज्या विषयावर मी पोरांना उत्तरं देतो, त्यात याचं उत्तर नाही. दुसरीकडे कुठे असेल तर तिथलं मला काही येत नाही. एवढं मात्र कळतं की दुसऱ्याच्या लेकराची इतकी काळजी करणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही, आणि ती माझी बहीण आहे याचा मला अभिमान वाटतो.

शब्दाचं पुढे काय झालं, ते राहिलं. त्या दिवसानंतर आईनं तो विषय काढला नाही. दादा एकदा जागेचं बोलायला लागला तर आईनंच त्याला गप्प केलं. ताई नुसती हळदीत राबत राहिली. जायचा दिवस जवळ आला तरी ती सगळं आवरून परत येण्यासाठी जातेय की तिथंच राहण्यासाठी, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. विचारायची हिंमत होत नव्हती.

निघायच्या सकाळी आईनं तिला पाटावर बसवलं. मला वाटलं, आता शब्द मागणार. ताईलाही तसंच वाटलं असावं, ती खाली मान घालून बसली. विधवा म्हणून घरात कुणी तिची ओटी भरली नव्हती. आईनं भरली. तांदूळ, नारळ, खण, सगळं. वहिनी दारातच थांबून बघत राहिली. ताईच्या डोळ्यांना धार लागली.

आई म्हणाली, "त्या दिशी ताटावरून न सांगता गेलीस. तिकडं लेकरू हाय म्हणून गेलीस, मी काही म्हणत न्हाई. पण आता सांगून जा."

ताईनं वाकून तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "जाऊन येते, आई."